अक्काच्या मशीनची वायर

अठ्ठावीस वर्षं मी लोकांची मीटरं वाचली. पायी. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला बघून कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या पोटाकडे बघतात आणि गालातल्या गालात हसतात. हसा बापडे. पण एके काळी मी दिवसाला दोनशे दारं करायचो, जिने चढून, कुत्री चुकवून, आणि घरी आलो की बायको म्हणायची, तुमच्या पायाला कानस लावलीय का, दर दोन महिन्यांनी चपला झिजतात त्या?

तेव्हा मला मीटरवरून माणूस कळायचा. कुणाकडे पाहुणे येऊन मुक्काम ठोकून बसलेत, कुणाचं नवरा-बायकोचं बिनसलंय आणि दोन खोल्यांत दोन दिवे जळतायत, कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाय. सगळं ठाऊक असायचं, आणि एक अक्षर कधी कुणाला बोललो नाही.

मग शहाण्यांनी नवी मीटरं आणली. ही मीटरं स्वतःच बोलतात. दर पंधरा मिनिटांनी आकडा थेट ऑफिसात, कसा येतो ते देव जाणे. आम्हा चौदा जणांच्या खांद्यावरच्या पिशव्या जमा करून घेतल्या आणि प्रत्येकाला एक खुर्ची दिली. गोल फिरणारी, चाकांची, मान टेकायला उशी असलेली. साहेबांनी छोटंसं भाषण केलं. म्हणाले, तुम्ही आयुष्यभर खूप चाललात, आता बसा. आम्ही टाळ्या वाजवल्या. गाढवं आम्ही. त्या दिवसातला तेवढाच काय तो व्यायाम.

ऑफिसात एसी इतका लावतात की भर उन्हाळ्यात आम्ही स्वेटर घालून बसतो. चहा टेबलाशी येतो, फाइल बटणाने जाते, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काही विचारायचं असलं तर मेसेज करायचा, कारण उठून गेलं तर लोक विचारतात, बरं वाटत नाही का? घरी तर आनंदीआनंद. मुलाने पंखे-दिवे आवाजावर चालणारे बसवलेत. बटण हाताच्या अंतरावर आहे, आणि मी पंख्यावर ओरडत बसतो. फरशी पुसायला विजेवर पळणारं एक चपटं कासव आणलंय, ते आलं की आम्ही पाय वर उचलतो.

साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. म्हणून आम्ही नवरा-बायको गाडीत बसून बागेपर्यंत चालायला गेलो. गाडी लावायला जागा मिळाली नाही, परत आलो. पुढे कधी गेलोच नाही.

आता कामाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझ्या पडद्यावर ग्राहकांचे नंबर येतात. नाव नाही, पत्ता नाही, नुसता बारा आकडी नंबर. हिरवा म्हणजे वापर ठीक. पिवळा म्हणजे भरमसाट, त्यांना 'आमचे मानाचे ग्राहक' म्हणून आभाराचं पत्र जातं. आणि लाल म्हणजे कमी. घरात माणूस राहतोय आणि तीन महिने वापर 'नैसर्गिक किमान मर्यादे'च्या खाली आहे, तर तो चोरी करतोय असं कॉम्प्युटर समजतो. एवढ्या कमी विजेवर माणूस जगेलच कसा, असा त्याचा हिशेब. खाली दोन बटणं, सहमत आणि असहमत. असहमत दाबलं तर दोनशे शब्दांत कारण लिहावं लागतं. सहमतला काही लागत नाही. आता मी कुठलं दाबत असेन ते सांगायला ज्योतिषी नको.

एका मंगळवारी जेवणानंतर एक लाल नंबर आला. महिन्याला अकरा युनिट. मी हसलो सुद्धा. शेजारच्याला मेसेज केला की आमचं कासव याहून जास्त खातं. आणि सहमत दाबून पुढच्या नंबरावर गेलो.

शुक्रवारी भरारी पथकाबरोबर जायची माझी पाळी होती. चोरी पकडायला जाताना ऑफिसातला एक साक्षीदार बरोबर लागतो, असा नियम आहे. पथक म्हणजे काय तर एक ड्रायव्हर आणि एक तरुण इंजिनीअर मॅडम. मुलगी गुणी, मला काका म्हणायची. गाडी वळणं घेत गेली आणि एका जुन्या चार मजली इमारतीपुढे थांबली. या इमारतीत माझी बहीण राहते. पण इमारतीत बिऱ्हाडं बारा, मी मनाला समजावलं, दुसऱ्या कुणाचं तरी असेल.

लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसलो, जीव नाकातोंडात आला होता. मॅडमही कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. नाव भरारी पथक आणि दोन जिन्यांत आमची ही दशा. तिसऱ्या मजल्यावर त्या एका दारापुढे थांबल्या. दाराशेजारच्या कोनाड्यात मीटर होतं, त्याचा दिवा मिनिटभराने एकदा लुकलुकत होता. आणि आतून मशीनची घरघर येत होती, एका लयीत, न थांबता. मॅडमचे डोळे चमकले. ओठांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "काका, ऐकताय ना? आत मशीन धावतंय आणि बाहेर मीटर झोपलंय. रंगेहाथ सापडले."

ती घरघर मी पाच वर्षांचा असल्यापासून ऐकत आलोय. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. भ्यालो होतो.

अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडिलांना काही सुधरेना, तेव्हा हिने शिवणाची मशीन घेतली आणि त्यावर घर ओढलं. माझं शिक्षण, माझं लग्न, सगळं त्या मशीनवर. भावोजी गेल्यापासून एकटीच राहते. अडुसष्ट वर्षांची आहे, काडीसारखी, आणि जिभेला धार कात्रीएवढी. तिने दार उघडलं, मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही विचारायच्या आत मॅडम आत शिरल्या.

मॅडमनी मशीनची वायर शोधायला सुरुवात केली. मशीनच्या मागे पाहिलं, भिंतीला हात फिरवून पाहिला, गुडघ्यांवर बसून खाली डोकावल्या, गादीचं टोक उचललं, कपाट सरकवायला मला सांगितलं. मी सरकवलं. शेवटी घाम पुसत त्यांनी विचारलं, वायर कुठे लपवलीय? अक्का म्हणाली, कसली वायर? मॅडम म्हणाल्या, मशीनची. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना? मग ती स्टुलावर बसली, पॅडलवर पाय ठेवले आणि मशीन सुरू केली.

मॅडम तशाच जमिनीवर बसून राहिल्या. त्या पायांकडे त्या बराच वेळ बघत होत्या, एखादा न पाहिलेला प्राणी बघावा तशा. दिवसभर असं करता? त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, रात्री डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिवसभरच. पाय दुखत नाहीत? बसून राहिले की दुखतात, अक्का म्हणाली.

फ्रिज नव्हता, भाजी ती रोज जाऊन आणते. कपडे हाताने धुते. एक पंखा, दोन दिवे, एक रेडिओ. मॅडमना सगळं पटलं होतं, मुलीचा चेहरा अगदी उतरला होता. पण त्यांच्या हातातल्या टॅबला पटेना. उपकरण, शिलाई मशीन. वापरात आहे का, हो. किती वॅट? त्यांनी शून्य टाकलं. टॅब म्हणाला, चुकीची नोंद. रिकामं सोडलं तर पुढे सरकेना. वॅट लिहिता येत नाहीत अशा उपकरणाला सुनावणीपर्यंत सील ठोकायचं, हा नियम. मॅडमनी तीन-तीनदा माफी मागितली आणि मशीनच्या चाकात तार ओवून शिशाचं सील दाबलं.

पलंगावर बेचाळीस गणवेश कापून ठेवलेले होते. शाळा सोमवारी उघडणार होती, आणि यंदा वेळेवर मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून काम कारखान्याला देऊ असं शाळेने बजावलं होतं. हे काम गेलं की मशीन झाकून ठेवायची आणि भावाच्या दारात जाऊन राहायचं, यापलीकडे अक्काला काही उरत नव्हतं. आणि भावाच्या दारात ती मेली तरी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

निघताना तिने मला एवढंच विचारलं, की तू या लोकांबरोबर कसा? मी म्हटलं, सहज, ड्युटी लागली. चहा टाकते म्हणाली. मी घाईत आहे म्हणालो आणि जिना उतरलो. उतरताना मला बरं पळता येतं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि मीच बटण दाबलं म्हणून सांगा. मी म्हटलं, अगं नुसता नंबर होता, मला काय स्वप्न पडलं होतं? त्यावर ती म्हणाली, तुम्ही त्या दाराचं मीटर अठ्ठावीस वर्षांत किती वेळा वाचलंत, आणि बहिणीचा नंबर ओळखू आला नाही? खरं सांगायचं तर नंबर मी कधी वाचलाच नव्हता. मला दार ठाऊक होतं.

सुनावणी बुधवारी होती. अक्का घरून चालत आली आणि लिफ्टपुढे रांग बघून पाच मजले जिन्याने चढली. मी लिफ्टमधून बाहेर पडलो तेव्हा ती बाकावर बसून पदराने वारा घेत होती. साहेब माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं. त्यांनी तिला पाणी दिलं, ताई म्हणाले. त्यांच्या मागे भिंतीवर मोठा फलक होता, 'शंभर टक्के घरांत वीज', आणि त्याबद्दल साहेबांच्या सत्काराची तारीखही ठरली होती. साहेब म्हणाले, ताई, कमी वापराला कॉम्प्युटर तीनच कारणं घेतो. घर बंद, मीटर बिघडलेलं किंवा चोरी. हातापायाने काम करतात, हे चौथं कारण त्यात नाही.

मग त्यांनी तोडगा काढला. सुखसोय योजनेत मशीनला मोटर फुकट बसते. मोटर बसली की वॅट आले, वॅट आले की प्रकरण मिटलं, फक्त वाटपाच्या वेळी एक फोटो. अक्का म्हणाली, मला नको. माझे गुडघे त्या पॅडलवर चालतात. साहेब हसले, म्हणाले, आता आराम करायचं वय आहे. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मध्येच बोललो. मला ते सगळं लवकर संपायला हवं होतं, माझं नाव निघायच्या आत. म्हटलं, घे ना अक्का, सुख लागेल.

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांना तिने शांतपणे विचारलं, "मला चोरांच्या यादीत घातलं कुणी, तेवढं सांगा."

आमचे साहेब पारदर्शक कारभाराचे मोठे भक्त. त्यांनी उत्साहाने पडदा तिच्याकडे वळवला. सहमत कर्मचारी म्हणून त्यात माझं नाव होतं, आणि शेजारी नव्या खुर्चीत बसलेला माझा फोटो.

तिने तो फोटो नीट पाहिला. "फोटोत फार जाड दिसतोस, धाकट्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझी पहिली शाळेची चड्डी या मशीनवर शिवली तेव्हा आपल्या घरात वीज नव्हती. मग मी चोरी कुठून करत होते, एवढं तरी विचारायचंस."

मला रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, साहेबांपुढे, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होतो. लाज वाटली, आणि अक्काने माझ्याकडे आता बघावं असं वाटत होतं आणि बघू नये असंही.

तिने पिशवीत हात घातला आणि तार कापलेलं ते सील साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, हे तुमचं. शुक्रवारी तुमची गाडी वळली तेव्हाच कापलं. बेचाळीस पोरांना उघडं पाठवायचं होतं का शाळेत? साहेब ताडकन उभे राहिले. सील तोडणं म्हणजे गुन्हा, आता मशीन जप्त होणार, दुसरा इलाज नाही. अक्का म्हणाली, मशीनला हात लावाल तर जाताना मीटरही उपटून न्या. मला खिडकीतून उजेड पुरतो, अंधार पडला की मी झोपेन.

साहेबांनी मान वळवून फलकाकडे पाहिलं आणि खाली बसले. एक घर वीज नको म्हणालं तर शंभर टक्के राहत नव्हते, आणि वीज ठेवून नंबर लाल राहिला तर महिनाअखेरीला वरून विचारणा होणार होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्यांची गत.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, लाल जायला वापर वाढायला हवा, एवढंच ना? कुणी वापरायचं, असा काही नियम आहे का?"

साहेबांनी आठवून पाहिलं. नव्हता. मग मी वापरतो, मी म्हटलं. स्टोअरमध्ये दोन हजार वॅटची शेगडी पडलीय, खोली तापवायची. मी रोज ती घेऊन यांच्याकडे जातो, दोन तास लावतो आणि येतो, वाढलेलं बिलही मीच भरतो. साहेबांनी असा सुस्कारा सोडला की मला वाटलं आता मिठीच मारतात. संध्याकाळपर्यंत तीन प्रतींत हुकूम निघाला, आणि 'वापरवाढ सहाय्यक' या पदावर माझी बदली झाली. खुर्ची दुसऱ्याला गेली. सील साहेबांनी खणात टाकलं, आणि बजावलं की महिनाअखेरीला नंबर लाल दिसला तर मशीन त्याच दिवशी उचलणार.

ऑफिसची गाडी फक्त चोरीसाठी मिळते, अपव्ययासाठी नाही. त्यामुळे भर उकाड्यात ती शेगडी काखेत मारून मी पायी निघायचो. पहिल्या दिवशी वाटेत चारदा बसलो आणि जिन्यात दोनदा. अक्काने दार उघडलं, म्हणाली, त्या कोपऱ्यात लाव, कापडाला धग लागता कामा नये. एवढंच. आठवडाभर याहून एक शब्द जास्त बोलली नाही. मी खिडकी सताड उघडी टाकून शेगडी लावायचो आणि तिच्या शेजारी घाम गाळत बसायचो. उकाडा सोसेना म्हणून पंखा लावायचा, तेवढीच वापरात आणखी भर. कोनाड्यातलं मीटर आता डोळे फाडून लुकलुकत होतं. आणि अक्का आपली पाय मारत होती, मीटरला न कळता.

नवव्या दिवशी ती म्हणाली, बसून काय करतोस? मी कापते, तू चालव. मी स्टुलावर बसलो. लहानपणी हट्ट करून चालवलेली मशीन, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. मोजून चार मिनिटं झाली आणि पोटरीत असा गोळा आला की मी कळवळलो, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला आणि एका पोराच्या खिशाची शिवण पार वाकडी गेली. बेचाळीस गणवेश वेळेवर मिळाले म्हणून शाळेने आणखी गणवेश मागवले होते, त्यातला तो एक. अक्काने शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला बसवलं. तिसऱ्या दिवशीही. जिन्यात मी आता एकदाच बसत होतो, पण मशीनवर मजल पाच मिनिटांच्या पुढे जाईना. ती मात्र दुपारचं जेवण झालं की अडीच तास उठायची नाही.

महिनाअखेरीला यादी लागली. त्या दिवशी मी सकाळी ऑफिसात थांबलो. या वेळी नंबर मी पाठ केला होता, तरी टाकताना दोनदा चुकला. हिरवा होता. शेरा वाचून मी कागद काढून घेतला आणि शेगडी काखेत मारून तिच्याकडे गेलो. मशीन वाचली, असं मी दारातच ओरडून सांगितलं. ती म्हणाली, वाच काय लिहिलंय ते.

मी वाचलं. 'ग्राहकाचा वापर सामान्य. ग्राहकाच्या राहणीमानात लक्षणीय सुधारणा.'

अक्का हसायला लागली. मशीन थांबवून, पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. महिन्याभरात पहिल्यांदा ती माझ्यासमोर हसत होती, म्हणून मीही हसलो. मग तिने डोळे पुसले, पॅडलवर पाय ठेवले.

"म्हणजे मी आता माणसात आले म्हणायची," ती म्हणाली, आणि स्टुलापाशी धापा टाकत उभ्या असलेल्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, "तू कधी येणार, धाकट्या?"